'इंग्रज' म्हणायचं तरी कोणाला?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत अंजनगाव सुर्जीचे एक निवृत्त इतिहास-शिक्षक.

प्रश्न : मी परतवाड्याला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एका पुस्तकात 'इंग्रज' असतं, दुसऱ्यात 'ब्रिटिश', तिसऱ्यात 'यूके'. तिन्ही एकच समजायचे का? गाविलगड नेमका कोणी घेतला असं लिहू?

तुमची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून कामाचं आधी सांगतो. इंग्लंड हा एक देश. त्याच्या पश्चिमेला वेल्स आणि उत्तरेला स्कॉटलंड. हे तिघं ज्या बेटावर आहेत ते ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंगडम, म्हणजे यूके. वेल्सला इंग्लंडच्या राजाने १२८२-८३ मध्ये जिंकलं आणि १५३६ व १५४२ च्या कायद्यांनी आपल्यात मिसळून घेतलं. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी. १६०३ मध्ये तिथलाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला, पण दोन्ही संसदा एक व्हायला १७०७ साल उजाडलं. आयर्लंड १८०१ मध्ये जोडलं गेलं आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग स्वतंत्र झाला. उत्तरेचा तुकडा तेवढा यूकेत राहिला.

आता आपल्या शब्दाकडे या. 'इंग्रज' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला आणि आला तेव्हा तो अगदी बरोबर होता. १६०० साली निघालेली ईस्ट इंडिया कंपनी इंग्लंडचीच होती. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर नजराणा घेऊन गेलेला हेन्री ऑक्सिंडेन इंग्लिशच होता. पण १७०७ नंतर कंपनीच्या नोकरीचं दार स्कॉटिश लोकांना उघडलं आणि शे-दीडशे वर्षांत त्यांची इथे रांग लागली. माणसं बदलली तरी आपल्या तोंडातला शब्द तोच राहिला.

गाविलगड मी वर्गात तीस वर्षं 'इंग्रजांनी घेतला' असाच शिकवला. दरवर्षी सहल घेऊन चिखलदऱ्याहून वर जायचो, दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड पोरांना दाखवायचो आणि आतल्या तटाशी थांबायचो. १५ डिसेंबर १८०३ ला त्या तटाला शिड्या लावून जी तुकडी सगळ्यांत आधी चढली ती ९४ व्या पलटणीची होती. तिचा कप्तान होता कॅम्पबेल. आत उतरून त्यांनी दरवाजा उघडला तेव्हा बाकीची फौज शिरली. किल्लेदार बेनीसिंग तिथेच लढता लढता पडला. ही ९४ वी पलटण 'स्कॉच ब्रिगेड' या नावाने ओळखली जायची. या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली जन्मला डब्लिनला, आयर्लंडात स्थायिक झालेल्या प्रोटेस्टंट सरदार घराण्यात. किल्ला पडल्यावर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी तह झाला तो आमच्या सुर्जी अंजनगावात. त्यावर सही याच वेलस्लीची. आज तिथून बाहेर पडलं की पानमळे आणि पानपिंपळीचे वाफे लागतात. मी रोज त्याच रस्त्याने फिरायला जातो. आपल्या अंगणात घडलेल्या गोष्टीतली माणसं कोण होती हे मला निवृत्त झाल्यावर, निवांत वाचायला बसलो तेव्हा कळलं.

मग एकेक नाव तपासत गेलो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड लिहून घेणारा आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा करणारा डलहौसी हा एडिंबराजवळच्या वाड्यात जन्मलेला स्कॉटिश माणूस. १८७० मध्ये कापसासाठी खामगावचा रेल्वेफाटा सुरू करून देणारा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो डब्लिनचा. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉपही स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री. हा मनुष्य मला फार जवळचा वाटतो. १८४५ मध्ये नागपूरला आला, दगड-जीवाश्म गोळा केले, गोंडांची भाषा आणि त्यांची गाणी ऐकून लिहून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेला. नागपुरात मात्र आजही 'तो इंग्रज पाद्री' म्हणूनच त्याची ओळख सांगतात.

यावरून कोणी म्हणेल, मग स्कॉटिश आणि आयरिश बिचारे, दोष इंग्लिश लोकांचा. मला ते मान्य नाही. घरी स्वतःला इंग्लंडखाली दबलेले म्हणणारे लोक इथे राज्यकर्ते होते. पगार, पेन्शन, मानमरातब सगळं त्यांनी घेतलं. राज्य चौघांचं होतं, म्हणून उत्तरपत्रिकेत 'ब्रिटिश' लिहा. १७०७ च्या आधीचं असेल तिथे 'इंग्रज' चालेल.

प्रश्न : मी कारंजाला आठवीत आहे. फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे खेळतात. क्रिकेटमध्ये वेल्सचा संघ का दिसत नाही?

कारण क्रिकेटमध्ये 'इंग्लंड' म्हणजे इंग्लंड आणि वेल्स. दोघांचं मंडळ एकच आहे, नाव मात्र एकाचंच झळकतं. १९७२-७३ मध्ये भारतात आलेल्या इंग्लंडच्या संघाचा कप्तान टोनी लुईस वेल्सचा होता. त्याच्या मागून कप्तान झालेला माइक डेनेस स्कॉटलंडात जन्मलेला. आणि २०१९ चा विश्वचषक इंग्लंडला मिळवून देणारा कप्तान ऑयन मॉर्गन डब्लिनचा. ऑलिंपिकला मात्र सगळे 'ग्रेट ब्रिटन' होऊन जातात. झेंड्यातही वेल्सला जागा नाही, बरं का बेटा. युनियन जॅकमध्ये इंग्लंडचा लाल क्रूस आहे, स्कॉटलंडचा पांढरा तिरपा आणि आयर्लंडचा लाल तिरपा. १६०६ मध्ये पहिला झेंडा केला तेव्हा वेल्स इंग्लंडातच धरलेलं होतं, म्हणून वेल्सचा लाल ड्रॅगन बाहेरच राहिला. वहीत चारही झेंडे काढून पाहा, चांगलं ध्यानात राहील.

प्रश्न : मी केळापूर तालुक्यातला शेतकरी, वेगळ्या विदर्भाच्या सभांना जाणारा. स्कॉटलंडमध्ये लोकांना विचारून मत घेतलं, मग आम्हाला का विचारत नाहीत? आमच्या सभेत हा दाखला नेहमी देतात.

भाऊ, मीही वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. म्हणूनच सांगतो, हा दाखला देऊ नका. समोरचा वकील तो दोन मिनिटांत खोडून काढेल.

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये जे मतदान झालं त्याचा प्रश्न एवढाच होता, की स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? देश, राज्य नव्हे. लंडनच्या आणि एडिंबराच्या सरकारांनी २०१२ मध्ये करार करून ते घेतलं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांनाही मत होतं. मतदान ८४.६ टक्के झालं. सुमारे २० लाख लोक 'नको' म्हणाले आणि १६ लाख 'हवं'. तरीही विषय संपलेला नाही. दोनच वर्षांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही यावर सगळ्या यूकेत मतदान झालं, तेव्हा स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी 'राहू' म्हटलं आणि तरी त्यांना बाहेर पडावं लागलं. यूकेत दर १०० माणसांमागे ८४ इंग्लंडची आहेत. एकट्या इंग्लंडने मान डोलावली की बाकी तिघांचं म्हणणं झाकून जातं. हे दुखणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. स्कॉटलंडच्या सरकारने पुन्हा मतदान घ्यायचं म्हटलं, तर २०२२ मध्ये यूकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संसदेच्या संमतीवाचून ते घेता येणार नाही.

आपल्याला भारतातून बाहेर पडायचं नाही, भारतातच आपलं राज्य हवं आहे. म्हणजे आपला जोड २०१४ शी नाही, १९९७ शी लागतो. त्या वर्षी स्कॉटलंडच्या ७४ टक्के लोकांनी यूकेत राहूनच स्वतःची संसद मागितली आणि १९९९ पासून शाळा, दवाखाने, न्यायालयं तिच्या हातात आली. वेल्समध्ये तेव्हा ५०.३ टक्क्यांनी, म्हणजे अगदी काठावर, कौल मिळाला. पण तिथली विधानसभाही उभी राहिली आणि आज तीही संसद झाली आहे.

आणि कायद्याचं म्हणाल तर आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नवं राज्य करायचा अधिकार संसदेचा. विधेयक आणण्याआधी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात. जनमताची सोय त्यात नाही. सभेत दाखला द्यायचाच तर घरचा द्या. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळं विदर्भ राज्य करा म्हणून शिफारस केली होती. वणीचे बापूजी अणे त्याच बाजूचे होते. हे आपलं आहे आणि छापील आहे.

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे, दीड वर्षापासून तिकडे नोकरीवर. मी सगळ्यांना सांगतो की पोरगी इंग्लंडला आहे. ती फोनवर रागावते. म्हणते, 'बाबा, मी इंग्लंडात नाही राहत, वेल्समंदी राहतो. इथं असं म्हटलं तर लोकायले वाईट वाटते.' तिने रस्त्याचा फोटो पाठवला, त्यावर दोन भाषांत लिहिलं आहे. सरकार एक, राजा एक, मग वाईट वाटायचं कारण काय? (दारव्हा तालुक्यातून)

दादा, तुमच्या मुलीने फार मोलाची गोष्ट पकडली आहे. हे पत्र मी दोनदा वाचलं.

फोटोत डांबरावर पांढऱ्या अक्षरांत 'स्लो' लिहिलेलं असेल आणि त्याच्या जोडीला दुसरा शब्द. तो वेल्श आहे, उच्चार 'आरव', अर्थ 'हळू'. वेल्सभर रस्त्यांवर तो दिसतो. तिथले लोक आपल्या देशाला वेल्स म्हणत नाहीत, 'कम्री' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'आपल्या मुलखातले, आपले लोक' असा अर्थ आहे. 'वेल्स' हे नाव इंग्लिश लोकांनी दिलेलं, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे 'परके'. बाहेरून आलेल्यांनी घरच्यांना परकं म्हटलं आणि जगाच्या नकाशावर तेच छापलं गेलं. आता सांगा, वाईट वाटेल की नाही? पुण्यात आपल्या दारव्ह्याच्या, दर्यापूरच्या पोराला 'नागपूरकडचा ना तू?' असं विचारतात तेव्हा तो काय म्हणतो? म्हणतो, नाही, मी वऱ्हाडातला. नागपूर आणि वऱ्हाड हा फरक समोरच्याला क्षुल्लक वाटतो. आपल्याला वाटत नाही.

भाषेचं दुखणं याहून खोल आहे. १८४७ मध्ये वेल्समधल्या शाळांची पाहणी करून तीन इंग्लिश अधिकाऱ्यांनी सरकारला अहवाल दिला. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. वेल्श भाषा ही प्रगतीतली अडचण आहे आणि लोक नीतीने हीन आहेत असं त्यात लिहिलं. त्या शतकात तिथल्या अनेक शाळांमध्ये एक पद्धत होती. लाकडाचा छोटा तुकडा, त्यावर 'डब्ल्यू एन' ही दोन अक्षरं कोरलेली. म्हणजे 'वेल्श नको'. जो मुलगा वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. म्हणजे दिवसभर पोरंच पोरांवर पाळत ठेवणार.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटवून ठेवलं. कारण असं काही मी स्वतः केलेलं आहे. नवीन नोकरी होती, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरांचं मराठी 'सुधारावं' म्हणून मी वर्गप्रमुखाला एक वही दिली. जो 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यलो' म्हणेल त्याचं नाव त्यात लिहायचं. शनिवारी ज्याची नावं जास्त त्याला उभं करायचं. एक मुलगा होता, गुराख्याचा. नाव सांगत नाही. एकदा उठून म्हणाला, 'सर, मले पानी पायजे.' मी म्हटलं, नीट बोल. 'मला पाणी हवं आहे', दहा वेळा म्हण. तो म्हणाला. पहिल्या दोनदा मोठ्याने, मग आवाज उतरत गेला. मागच्या बाकांवर पोरं हसत होती. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने वर्गात पाणी मागितलं नाही. सुटी झाली की हापशाकडे पळत जायचा आणि ओंजळीने भरभरून प्यायचा. मला तो दिसायचा. तेव्हा मला वाटायचं, शिस्त लागली.

ती वही पुढे मीच फाडली, पण त्याला चार वर्षं लागली. प्रमाण मराठी शिकवायलाच हवं, त्यावाचून पोरांचं चालत नाही. पण ते शिकवताना घरची बोली लाजेची आहे असं मी शिकवलं, आणि ती चूक माझी आहे.

वेल्शचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९५७ मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी वेल्समधलं एक खोरं बुडवायचा कायदा लंडनच्या संसदेने केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांनी त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो मंजूर झाला. १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव पाण्याखाली गेलं. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, शेतं, सगळं वेल्श बोलणाऱ्यांचं. पवनी-कुहीकडच्या, गोसीखुर्द धरणात गाव गेलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. त्या गावाचा राग वेल्सभर पसरला. १९६६ मध्ये वेल्श राष्ट्रीय पक्षाचा पहिला खासदार निवडून आला, ग्विनवर इव्हन्स. पुढे १९८० मध्ये सरकारने वेल्श दूरचित्रवाहिनीचं वचन मोडलं तेव्हा याच इव्हन्सनी प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली. तारीखही सांगून टाकली. सरकार नमलं आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. सेवाग्रामपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला ही रीत ओळखीची वाटणारच. लिव्हरपूलच्या महापालिकेने त्या गावाबद्दल माफी मागितली ती २००५ मध्ये.

आज वेल्श ही वेल्समधली अधिकृत भाषा आहे, २०११ च्या कायद्याने. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे १७.८ टक्के. २०५० पर्यंत हा आकडा १० लाखांवर न्यायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. तुमच्या मुलीला रस्त्यावर दिसलेले दोन शब्द एवढ्या सगळ्यातून आलेले आहेत.

'राजा एक, सरकार एक' हा तुमचा प्रश्न राहिला. माणूस एकाच वेळी वऱ्हाडी, मराठी आणि भारतीय असतो, तसा तिकडचा माणूस वेल्श आणि ब्रिटिश दोन्ही असू शकतो. कोणतं आधी सांगेल हे विचारण्यावरही असतं. इंग्लंड-वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त 'इंग्लिश' म्हटलं होतं. २०२१ मध्ये तसं म्हणणारे उरले १४.९ टक्के, आणि 'फक्त ब्रिटिश' १९ वरून जवळपास ५५ वर गेले. दहा वर्षांत माणसं एवढी बदलली नाहीत. इंग्लंडातल्या अर्जावर 'ब्रिटिश' हा पर्याय २०२१ मध्ये सगळ्यांत वर छापला होता. तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच या बदलाचं एक कारण म्हणून ते सांगितलं आहे. इंग्लिश माणसाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात, म्हणून वरचा दिसला की तो खूण करून मोकळा होतो.

तेव्हा आता चावडीवर सांगताना 'पोरगी वेल्सला आहे' असं सांगा. कोणी विचारलं 'ते कुठं आलं', तर सांगायला तुमच्याकडे भरपूर आहे. आणि मुलीला माझा एक निरोप द्या. वेल्शमध्ये 'धन्यवाद'ला 'दिओल्ख' म्हणतात. वॉर्डातल्या एखाद्या म्हातारीला पाणी दिल्यावर तिने तो शब्द म्हटला, तर तिलाही उत्तर वेल्शमध्येच देऊन पाहावं. ओळख वाढली की विचारावं, तुमच्या आजीच्या, पणजीच्या गळ्यात कधी ते लाकूड पडलं होतं का. त्या जे सांगतील ते तिने तुम्हाला फोनवर सांगावं आणि तुम्ही मला लिहून पाठवावं. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल, तसंच छापू.